सध्या काय वाचताय?

९ जानेवारी

भिंगरे,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. फोन कापता येतो, पत्र फार तर फाडता येतं. पण फाडण्याआधी तू वाचशील, एवढी मी तुला ओळखते. लहानपणी औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा वाचून काढल्याशिवाय सोडायची नाहीस.

आधी तब्येत. झटक्यानंतर तुझे बाबा इस्पितळातून घरी आल्यापासून आहेत तसेच आहेत. उजवा हात मांडीवर पडून असतो, उजवा पाय ओढत चालतात. तोंडात दोनच शब्द उरलेत, एक 'नाही' आणि एक 'चला'. चहा हवा असला तरी नाही, नको असला तरी नाही. त्यातला कुठला 'नाही' म्हणजे 'हो', हे मला आता सुरावरून कळायला लागलंय. गुरुवारी बोलणं शिकवणाऱ्या बाईंकडे नेते. त्या चित्रं दाखवतात, चमचा, कुलूप, गाय. हे चित्राकडे बघतात, मग माझ्याकडे, जणू मीच त्यांना बालवाडीत घातलंय.

इस्पितळाच्या व्हरांड्यात तू जे बोललीस ते मी मनात धरलेलं नाही. तू म्हणालीस, "आई, तू हट्टापायी त्यांना मारशील." मनात धरलं नाही म्हणते आणि शब्द न्‌ शब्द लिहून दाखवते, बघ माझी गंमत. तू तुझ्या घराजवळची ती संस्था शोधलीस, खोली बघून आलीस. पलंगाला कठडे, भिंतीला धरायला दांडे, हाक मारली की माणूस हजर. सगळं चांगलं आहे, मी नाव ठेवत नाही. तरी मी नाही म्हटलं. का, ते तेव्हा मला नीट सांगता आलं नाही आणि आजही येत नाही.

काल रविवारची मंडळी येऊन गेली. तू त्यांना फारशी ओळखत नाहीस, तू बाहेर पडलीस त्यानंतर ही टोळी जमली. तिघंच आहेत. एक सुतार. एक नर्सबाई, निवृत्त झाल्यात पण अजून सगळ्यांना पेशंटसारखं दटावतात. आणि एक प्रोफेसर, त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. आयुष्यात कुणाला शिकवलेलं नाही, नुसतं नाव पडलंय. दर रविवारी हे तिघं आणि तुझे बाबा डोंगरावर जायचे आणि अर्ध्या वाटेवर कपारीखाली बसून थर्मास उघडायचे. तिथे यांचा एक नियम होता. कामाचं बोलायचं नाही, दुखण्याचं बोलायचं नाही. ज्याने त्याने सध्या काय वाचतोय ते सांगायचं. ज्याने काही वाचलं नसेल त्याने सगळ्यांचा कचरा पिशवीत भरून खाली न्यायचा. विचारणारे नेहमी तुझे बाबाच. आयुष्यभर विजेच्या खांबांवर चढलेला माणूस, सुट्टीच्या दिवशीही चढायचाच. वाचायची आवड मात्र कुठून आली कोण जाणे.

तर तिघं कोचावर एका ओळीत बसले, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. चहा झाला, हवापाणी झालं. मग सुतार, तोंडाचा फटकळ पण मनाचा साधा, बोलून गेला, "काय दादा, सध्या काय वाचताय?"

यांनी त्याच्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाले, "नाही."

हा कुठला 'नाही' होता ते सगळ्यांनाच कळलं. मंडळी लवकर उठली.

ती गेल्यावर मी यांची पाठपिशवी उघडली. झटका आला त्या दिवसापासून ती दाराआड तशीच टांगलेली होती. आत टोपी, एक वाळून लाकूड झालेला पाव आणि अर्धं वाचलेलं पुस्तक. बर्फात अडकलेल्या जहाजावरच्या एका स्वयंपाक्याची हकीकत आहे. मध्ये बसचं तिकीट खोचलेलं. मी शाळा सुटल्यापासून पुस्तक हातात धरलेलं नाही, तुला माहीतच आहे. खुर्ची ओढली, तिकीट काढलं आणि तिथून पुढे मोठ्याने वाचायला लागले.

जेवत जा वेळेवर.

आई


६ फेब्रुवारी

भिंगरे,

उत्तर आलं नाही. हरकत नाही, मी लिहीत राहणार. तुझा हट्ट कुणावर गेलाय हे ठाऊक आहे, त्यामुळे तक्रार कुठे करणार.

मी पडद्यांच्या दुकानातलं काम अर्ध्या दिवसावर आणलंय. कापायचं काम तिथल्या लांब टेबलावर करते, शिवायचं घरी आणते. यांच्या खुर्चीशेजारी मशीन ठेवलंय. पडद्याच्या चुण्या घालता घालता माझी नजर यांच्यावर आणि यांची माझ्यावर. एवढं आम्ही लग्न झाल्यापासून एकमेकांना बघितलं नव्हतं.

दुपारी वाचन. पहिले काही दिवस माझी फार तारांबळ उडाली. अर्ध्यातून सुरू केलेलं, कोण कप्तान, कोण खलाशी, काही पत्ता नाही. कंटाळा आला की मी हळूच एखादं पान गाळायची. एकदा दोन पानं एकदम उलटली तर यांनी डाव्या हाताने पुस्तकावर थाप मारली. मी मागे गेले, गाळलेलं वाचलं, तेव्हा कुठे स्वस्थ बसले. म्हणजे डोक्यात सगळं जातंय. हे मी बोलणं शिकवणाऱ्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, वाचा, चांगलंच आहे, पण फार आशा ठेवू नका. मी म्हटलं, आशा ठेवायला माझ्याकडे जागा आहे.

आता ऐक आणि ओरडू नकोस. परवाच्या रविवारी मी डोंगरावर गेले. यांच्या जागी. तिघं निघायच्या आधी विचारपूस करायला दारात आले होते. हे खिडकीतून त्यांच्या पाठपिशव्यांकडे असे बघत होते की मला राहवलं नाही. मी म्हटलं, थांबा, मी येते. घरी कोण होतं विचारशील. शेजारच्या काकू होत्या.

दुकानात घालायच्या चपला, वर साडी खोचलेली. पाण्याच्या जुन्या टाकीपर्यंत बरं होतं. पुढे दगडात खोदलेल्या पायऱ्या आहेत, एकेक पायरी गुडघ्याएवढी. नर्सबाई मागून म्हणत होत्या, "वहिनी, तोंड बंद, नाकाने श्वास." मला तोंड बंद ठेवायला आजवर तुझ्या बाबांनीही सांगितलं नव्हतं. कपारीपर्यंत पोचले तेव्हा पोटऱ्यांत गोळे आले होते आणि कानात इंजिन चालू होतं.

थर्मास उघडला. प्रोफेसर म्हणाले त्यांचं शेतातल्या कीटकांवरचं काहीतरी चाललंय, सुंदर आहे पण घरी कुणी ऐकून घेत नाही. नर्सबाईंची खुनाची कादंबरी. खुनी कोण ते त्यांना कळलंय पण शेवट वाचवत नाही. सुतार एका बाईच्या सायकल प्रवासाचं पुस्तक वाचतोय. मग सगळे माझ्याकडे बघायचं टाळायला लागले. मी म्हटलं, "आमच्या घरी स्वयंपाक्याचं चाललंय." आणि सांगितलं. पाव गोठतो म्हणून तो करवतीने कापतो. कप्तानापासून साखर लपवतो. आणि माझं प्रामाणिक मत, त्या माणसाला पीठ भिजवता येत नाही, थंडीला उगाच दोष देतो. सुतार इतका हसला की त्याच्या नाकातून चहा आला.

घरी येऊन यांना सगळं सांगितलं. कोण काय वाचतंय, कोण कुठल्या दगडावर बसलं. ते ऐकत होते. खुनाच्या कादंबरीपाशी डोळे मिटून हसले, फक्त डावीकडून.

बाबांच्या कपाळाला थोडं लागलंय, पलंगाची कड. विशेष काही नाही.

आई


२ मार्च

भिंगरे,

आत्याने तुला सांगितलं ते खरं आहे. ते पडले. मी डोंगरावर असताना. काकू दूध गरम करायला आपल्या घरी गेल्या आणि हे उठून खिडकीपर्यंत जायला निघाले. पलंगाची कड लागली हेही खरंच आहे, पण ती कशी लागली ते मी लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तू पहिल्या गाडीने आली असतीस आणि मला तुझं तोंड बघायचं होतं पण त्या कारणासाठी नाही.

तू आत्याबरोबर निरोप पाठवलास की खोली मेअखेरपर्यंत राखून ठेवली आहे आणि तू येऊन त्यांना नेणार. ये. घर तुझं आहे. पण न्यायला येऊ नकोस.

पडल्यावर मी दोन दिवस बिछान्यातून त्यांना उठू दिलं नाही. तुझ्या त्या कठड्याच्या पलंगाचाही विचार केला, खोटं कशाला बोलू. मग नर्सबाई आल्या. जखम बघितली, मला दटावलं आणि म्हणाल्या, "वहिनी, हे खिडकीकडे निघाले होते. ज्याला कुठे जायचंय तो पडतो. आपण नीट पडायला आणि नीट उठायला शिकवू." तेव्हापासून त्या रोज सकाळी येतात. आधी घरातल्या घरात, मग जिना. चांगला पाय वर जाताना आधी, दुखरा पाय उतरताना आधी, हे आता मी झोपेतही सांगेन. मी पडद्याच्या जाड पट्टीचा दुहेरी कमरपट्टा शिवलाय, दोन्ही बाजूंना धरायला मुठीएवढे फास. खांबावर चढताना पट्टा असायचाच त्यांच्या कमरेला, तसा. मी पहिल्यांदा बांधला तेव्हा त्यांनी फास ओढून बघितला, टाका तपासला आणि मान हलवली. पास झाले मी.

आणि आता महत्त्वाचं. गेल्या आठवड्यात मी वाचत होते, वादळ सुटलंय, खलाशी धावतायत, आणि मी वाचलं, "जहाजाची शिडी टराटरा फाटली." माझ्या लक्षातही आलं नाही. हे खुर्चीत पुढे झाले आणि म्हणाले,

"शीड."

मी म्हटलं, "काय?"

"शीड. शिडी... नाही. शीड."

खरंच, शिडी कशी फाटेल! मी पुस्तकात बघितलं, शीडच होतं. मला हसूही आलं आणि रडूही आलं, आणि हे वैतागून पुढच्या ओळीवर बोट ठेवून बसले होते, वाच म्हणून.

गाय आणि चमचा दाखवून जे झालं नाही ते माझ्या अडाणी वाचनाने झालं. त्यानंतर मी मुद्दाम दोन-चार शब्द चुकीचे वाचून बघितले. त्यांना लगेच कळलं आणि असा काही राग आला की पुन्हा केलं नाही. मुद्दाम करायची गरजही पडत नाही म्हणा. माझ्या नैसर्गिक चुका भरपूर असतात. त्यातून त्यांचे शब्द येत गेले, 'बर्फ', 'दोर', 'कुत्रा', 'गाढव'. शेवटचा पुस्तकात नव्हता, मला उद्देशून होता.

पुढचं ठरवलंय ते तुला आत्ताच सांगते, म्हणजे नंतर कुणाकडून कळायला नको. यांना टाकीपर्यंत नेणार. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, चालणं चांगलं, दमणूक वाईट, आणि झटका पुन्हा येऊ शकतो, घरी बसूनही येऊ शकतो. मी म्हटलं, मग ठरलं.

आई


१९ एप्रिल

भिंगरे,

जमलं नाही.

डोंगराच्या पायथ्यापर्यंत सुताराने टेम्पोने आणलं होतं. त्याने खुर्चीला दोन दांडे ठोकून डोलीसारखं केलं होतं, लागलीच तर म्हणून. हे तिच्याकडे बघून 'नाही' म्हणाले, तो खरा 'नाही' होता. पट्टा बांधला, एका बाजूला मी, एका बाजूला नर्सबाई. वाट रुंद आहे, चढ थोडा. पण टाकी दिसायला लागली आणि दुखरा पाय एका दगडाला अडकला. पडले नाहीत, आम्ही धरलं. नुसते उभे राहिले. मग बसले आणि रडायला लागले, मोठ्याने, तोंड वाकडं करून. वाटेने एक जोडपं उतरत होतं. त्यांनी नजर वळवली. मला त्या दोघांचा इतका राग आला, आणि त्यांची काय चूक होती सांग.

शेवटी डोलीतूनच खाली आणलं. घरी मी पुस्तक उघडलं तर त्यांनी ते मिटलं.

चार दिवस असेच गेले. जिना नाही, वाचन नाही, 'चला' सुद्धा नाही. मी दुकानात एका मोठ्या दिवाणखान्याचे पडदे उलट्या बाजूने कापले, मालक काही बोलला नाही म्हणून जास्तच लागलं. मी आत्याला म्हटलं, भिंगरीचं बरोबर असेल. ती तुला सांगेलच, म्हणून मीच लिहिते.

आज सकाळी मी चहा ठेवत होते आणि मागे काहीतरी घासल्याचा आवाज झाला. हे पलंगावर बसून बूट घालत होते. एका हाताने. डावा बूट उजव्या पायात घातलेला आणि नाड्या दातांत धरलेल्या. मी मदतीला गेले नाही. दारात उभी राहून बघितलं. गाठ बसली नाही, बसली नाही, मग कशीबशी बसली.

"चला," म्हणाले.

मी म्हटलं, "बूट उलटे आहेत." त्यांनी खाली बघितलं आणि पुन्हा सोडायला लागले.

आम्ही आज जिना तीनदा केला. तुला हे पत्र पोचेल तेव्हा आमचा सराव चालू असेल. टाकीच नाही, आता कपारीपर्यंत जायचंय. हे मी तुझ्या परवानगीसाठी लिहीत नाही, माहितीसाठी लिहिते.

आई


२४ मे

भिंगरे,

तुझी गाडी सुटली आणि मी घरी येऊन हे लिहायला बसले. स्टेशनावर तू जे विचारलंस त्याचं उत्तर मला तेव्हा सुचलं नाही. मी अशीच आहे, भांडण संपल्यावर मुद्दे आठवतात.

पण आधी मला माझ्या बाजूने काय दिसलं ते सांगू दे. तुला वाटत असेल आम्ही काल कपारीखाली मजेत बसलो होतो. पायऱ्यांवर आम्हाला किती वेळ लागला तुला कल्पना नाही. एकेका पायरीवर यांना बसवायचं, सुतार वरून फास धरणार, मी खालून पाय उचलून ठेवणार. प्रोफेसर पुढे जाऊन सुटे दगड बाजूला करत होते. शेवटच्या पायरीवर यांनी सुताराचा हात झटकला आणि कातळाला धरून आपले आपण चढले. कपारीखाली आपल्या नेहमीच्या जागी बसले, पाठ टेकली आणि डोळे मिटले. चेहरा पांढराफटक. नर्सबाईंनी नाडी धरली तेव्हा मी त्यांच्या ओठांवरचे आकडे मोजत होते. ती भीती मला वाटत नाही असं समजू नकोस.

आणि तेव्हाच तू वर आलीस. ऑफिसचे बूट, एकाची तुटलेली टाच हातात, घामाने डबडबलेली. घराला कुलूप बघून काकूंना विचारलंस म्हणे. तू कुणाकडे न बघता सरळ माझ्यासमोर उभी राहिलीस.

"फक्त टाकीपर्यंत असं लिहिलं होतंस."

"आधी. मग कपारीचंही लिहिलं."

"मला वाटलं तू नुसतं लिहितेस."

नंतर तू नर्सबाईंना जे बोललीस ते त्यांनी ऐकून घेतलं. चाळीस वर्षं नातेवाइकांचं ऐकलेल्या बाई आहेत. पण तुझा आवाज चढत होता आणि मी उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात हे बोलले. डोळे न उघडता.

"भिंगरी. बस."

इस्पितळात तू त्यांच्या उशाशी बसून तुझं नाव म्हणवून घेत होतीस आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. तेव्हा तुला काय वाटलं ते तू कधी बोलली नाहीस. काल तू जिथे उभी होतीस तिथेच मातीत बसलीस, तेव्हा मला कळलं.

पुढचं तुला माहीत आहे, पण मला ते लिहायचंय. सुताराने थर्मास उघडला. आणि विचारायचं काम ज्यांचं त्यांनीच केलं. बाबा आधी प्रोफेसरांकडे वळले, म्हणाले, "काय... वाचता?" एकेकाला विचारलं. तुला विचारलं तेव्हा तू म्हणालीस, मी काही वाचत नाही, मला वेळच नसतो. कुणीही हसलं नाही. नर्सबाईंनी कचऱ्याची पिशवी गुपचूप तुझ्याकडे सरकवली, तू का म्हणून विचारलंही नाहीस. शेवटी सुतार म्हणाला, "आणि दादा, तुम्ही?"

त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ही वाचते," म्हणाले. मग बराच वेळ शब्द शोधला. "चुकीचं."

उतरताना उजवीकडचा फास तू धरलास. मी मुद्दाम मागे राहिले.

आता स्टेशनावरचं. तू म्हणालीस, "आई, मला बाबांची भीती नाही वाटत. तुझी वाटते. तिथे रात्रंदिवस माणसं आहेत. इथे तू एकटी आहेस, आणि तू पडलीस तर तुझा फास कोण धरणार?" एवढे महिने तू माझ्यावर रागावली आहेस असं मी समजत होते. तू माझ्यासाठी घाबरली होतीस हे मला गाडी हलताना समजलं.

तर माझं उत्तर. तुझी भीती खोटी नाही. माझे गुडघे दुखतात. सुई ओवायला आता दोनदा प्रयत्न करावा लागतो. बुधवारी सुतार यांच्याजवळ बसेल असं ठरलंय, तो जाहिराती वाचून दाखवतो आणि हे त्यांना शिव्या देतात. दोन जुन्या शिव्या परत आल्यात. शनिवारी प्रोफेसर. सकाळी नर्सबाई आहेतच. मी माझी तपासणी करून घेईन, तुला कागद पाठवीन. दुकानातलं काम सोडणार नाही, चार भिंतींबाहेरचं मलाही काही हवं. महिन्यातून एक रविवार तू इथे राहायला यायचंस आणि मी त्या दिवशी झोपायचं, हवं तर डोंगरावरही न जाता. हे मी मागते आहे, बघ. मागायची मला सवय नाही, तेव्हा वाकडं लागलं तर सांभाळून घे.

पण त्या खोलीतून त्यांचं नाव काढ. उद्याच कळव, म्हणजे दुसऱ्या कुणाला मिळेल, ज्याला खरंच लागते. उद्या पुन्हा झटका आला तर तू म्हणशील, मी सांगितलं होतं. म्हण. मी ऐकून घेईन आणि तरी मला वाटेल की कपारीखाली बसून त्यांनी चार माणसांची पुस्तकं विचारली ते बरं झालं. हे मी रागाने लिहीत नाही. विचार करून लिहिते आहे, आणि पुन्हा विचारलंस तरी हेच लिहीन.

स्वयंपाक्याचं पुस्तक संपलंय. जहाज सुटतं, पण कुत्रा मरतो. आम्ही दोघं एक दिवस बोललो नाही कुणाशी. नवीन पुस्तक त्यांनी स्वतः निवडलंय, वाचनालयात काठीने दाखवून. इतकं जाड आहे की मला धडकी भरली. पाणबुड्यांविषयी आहे, पहिल्या पानावरच माझी जीभ अडखळली आणि त्यांनी कपाळाला हात लावला. डावा.

येत्या रविवारी सात वाजता निघतोय. आलीस तर टाच नसलेले बूट घालून ये. नाही आलीस तरी आम्ही जाणारच आहोत.

आई